आरसी ३९० नंतर काय घ्यावं: झेडएक्स-६आर, झेडएक्स-१०आर की हायाबुसा?

कर्वेनगरचा_आरसी

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

२०२२ ची केटीएम आरसी ३९० मोटरसायकल आहे, ३४ हजार किमी झाले. वय ३६, उंची ५ फूट ६, पोटाबद्दल विचारू नका. घराचं कर्ज दिवाळीत फिटलं आणि बायको स्वतःहून म्हणाली, "रोज रात्री ते व्हिडिओ बघत बसतोस, त्यापेक्षा घे एकदाची." तिचं मन बदलायच्या आत निर्णय घ्यायचाय.

बजेट ऑनरोड १६ लाख. डोक्यात तीन नावं: नवी कावासाकी झेडएक्स-६आर (सहाशे सीसीच्या वर्गातली), मुंबईत बघितलेली एक सेकंडहँड झेडएक्स-१०आर (हजार सीसीची, म्हणजे लीटर बाईक), आणि एका मित्राच्या मित्राची हायाबुसा (सुझुकीची, त्याहून मोठी). वापर म्हणाल तर रविवारी पहाटे वाई, महिन्यातून एखादा घाट, वर्षातून एकदा गोवा. ऑफिसला स्कूटर आहे.

एका शोरूममध्ये सेल्समन म्हणाला, "सर, सहाशे घेतलीत तर सहा महिन्यांत कंटाळाल. थेट हजार घ्या." तेव्हापासून झोप उडालीय. जाणकारांनी सांगावं.

पावशेर_पेट्रोल

१०आरच घे. डोळे झाकून. २०० पीएसच्या (हॉर्सपॉवरच म्हणा) वर पॉवर, वर्ल्ड सुपरबाइकच्या शर्यती गाजवलेली गाडी, आणि जोडली जाते कुठे तर आपल्या चाकणला. मेल्यावर काय गाठोडं बांधून नेणार आहेस? ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ देत नाही ते), लाँच कंट्रोल सगळं आहे सांभाळायला. हळू चालवायची असेल तर हळू चालव, थ्रॉटल तुझ्याच हातात आहे ना!

सी_वनचा_बळी

धागाकर्ते, सेल्समनचं राहू द्या. एक साधा प्रश्न विचारतो. तुमची आरसी ६० च्या वेगावरून पूर्ण ब्रेक मारल्यावर किती अंतरात थांबते, कधी मोजलंय? कोरड्या, चांगल्या डांबरावर १८ मीटरच्या आसपास थांबायला हवी. मी बारा वर्षं गाड्या चालवल्या आणि एकदाही मोजलं नव्हतं. सगळं लक्ष पळवण्यावर.

माझी गोष्ट ऐका. लीटर बाईक घेतली (नाव नको, लाल नव्हती एवढंच सांगतो) आणि दीड वर्ष लोणावळा-अ‍ॅम्बी व्हॅली करून स्वतःला फार शहाणा समजायला लागलो. मग हौसेने चेन्नईच्या ट्रॅक डेला (रेसट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) गेलो. तिथला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किमीचा. सरळ रस्ता संपतो तिथे सी-वन नावाचं उजवं वळण आहे, भलतंच वेगवान. मी सरळ रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकायचो आणि सी-वन दिसलं की पोटात गोळा. ब्रेक लवकर, तोही हिसका देऊन, मग वळणात मधेच थ्रॉटल बंद, गाडी डोलतेय, मी हँडल घट्ट धरलंय. तेवढ्यात एक पोरगा टीव्हीएसची आरआर ३१० घेऊन बाहेरच्या बाजूने सुळकन निघून जायचा. ३८ पीएसची गाडी हो! पुढच्या सरळ रस्त्यावर मी त्याला पुन्हा गाठायचो, पुढच्या वळणात तो पुन्हा पुढे. दिवसभर हाच तमाशा. चहाच्या टपरीवर भेटला, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं. म्हणाला, "अंकल, तुम्ही चाकासमोरच्या रस्त्याकडे बघता. वळण जिथे संपतं तिथे बघा ना." अंकल!

पुढच्या वर्षी गाडी घरी ठेवली आणि ट्रेनिंगला गेलो, शिकवणाऱ्यांच्याच छोट्या गाडीवर. पहिल्या सेशनला एकच गिअर, ब्रेकला हात लावायचा नाही. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणाआधी वेग किती हवा हे डोकं आपोआप मोजायला लागतं. मग थ्रॉटल: एकदा उघडला की वळण संपेपर्यंत हळूहळू उघडतच राहायचा, मधेच सोडायचा नाही. सोडला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडीची बसलेली घडी मोडते. नंतर काउंटर स्टीअरिंग. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. आपण सगळे नकळत हे करतोच, पण घाटात समोरून एसटी आल्यावर नकळत केलेलं पुरत नाही, तिथे मुद्दाम, चटकन करता यायला हवं.

आता गाडीबद्दल. १०आर वाईट आहे असं कोण म्हणेल? पण जी गाडी पहिल्याच गिअरमध्ये १५० च्या आसपास जाते, तिचा दुसरा गिअर ताम्हिणीत कुठे वापरणार ते सांगा. अशा गाडीवर आपण थ्रॉटलचा पाव भाग उघडून फिरत राहतो आणि उरलेल्याची भीती बाळगतो. भीतीत शिकणं होत नाही. वळणात चुकलात तरी सरळ रस्त्यावर भरपाई होते, त्यामुळे चूक कळतही नाही. छोट्या गाडीवर चूक केली की वेग जातो आणि परत मिळवायला घाम फुटतो. म्हणून ती शिकवते.

६आर घ्या, नका घेऊ, तो पुढचा प्रश्न. आधी एखादं रिकामं मैदान नाहीतर बंद पडलेल्या कंपनीचा रस्ता शोधा आणि ब्रेक मोजा. लिव्हरवर झडप घालायची नाही. लिंबू पिळतो तसं आधी हळू, वजन पुढे आलं की जोरात.

सहा_अक्ष

पावशेरभाऊ, "इलेक्ट्रॉनिक्स सांभाळेल" यावर थोडं बोलू द्या, माझं पोटापाण्याचं कामच सेन्सरचं आहे.

गंमत बघा. धागाकर्त्याच्या आरसी ३९० मध्ये कॉर्नरिंग एबीएस आहे, म्हणजे गाडी किती झुकलीय ते ओळखून ब्रेक सांभाळणारं. तिच्या कितीतरी पट महाग झेडएक्स-६आरमध्ये झुकाव मोजणारं ते सहा अक्षांचं सेन्सर नाही. तिथे साधं ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस आहे, चांगलं आहे, पण गाडी झुकलीय की सरळ उभी आहे हे त्याला कळत नाही. झेडएक्स-१०आरमध्ये आहे, बीएमडब्ल्यू एस १००० आरआरमध्ये आहे, डुकाटी पॅनिगालेमध्ये आहे. म्हणजे ६आरवर गेलात तर या एका बाबतीत तुम्ही खाली उतरताय. वाईट आहे असं नाही, पण आरसीवर वळणात ब्रेक दाबायची सवय झाली असेल तर ती मोडावी लागेल.

आणि ट्रॅक्शन कंट्रोल करतं काय? मागचं चाक घसरून जास्त फिरायला लागलं की इंजिनचा जोर कमी करतं. वळणापलीकडे पसरलेली खडी त्याला दिसत नाही. वळणात जास्त वेगाने शिरलात तर तो वेग ते परत घेऊ शकत नाही. १४० च्या वेगाला दर सेकंदाला ३९ मीटर जातात. म्हैस दिसली, मेंदूला कळली, बोट लिव्हरवर पोचलं, तेवढ्यात ते ३९ मीटर गेले. त्यानंतर थांबायला आणखी ९५ तरी हवेत. ते सेकंद कुठलंही सेन्सर वाचवत नाही.

म्युनिकचा_सातारकर

इकडचं सांगतो, तुलनेला बरं पडेल.

युरोपात अठराव्या वर्षी मिळतं ते ए-टू लायसन्स. त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण ४८ पीएसचीच गाडी चालवता येते. वजनाच्या मानाने पॉवरवरही मर्यादा: किलोमागे ०.२ किलोवॉट. दोन वर्षं ते झालं की मोठ्या गाडीचं लायसन्स, आणि थेट मोठं हवं तर वय २४. मी ३१ व्या वर्षी इथे आलो, भारतात दहा वर्षं पल्सर पळवली होती, तरी मला कसरती करून दाखवाव्या लागल्या. धावत्या गाडीला एकदम वळवून अडथळा चुकवणे, एकदम थांबणे, चालण्याच्या वेगात नागमोडी. पहिल्यांदा नापास झालो, नागमोडीत पाय टेकला म्हणून.

आपल्याकडे १०० सीसीच्या गाडीवर आरटीओत आठ काढला की त्याच लायसन्सवर हायाबुसा चालवायला मोकळे. चूक कोणाची हा वाद नको, पण मग स्वतःच स्वतःला ए-टू लावून घ्यावं लागतं.

रच्याकने, एप्रिलिया आरएस ४५७ बरोबर ३५ किलोवॉटची आहे आणि वजनाचा हिशेबही त्याच नियमात बसवलेला. इटलीची गाडी, बनते आपल्या बारामतीला. इथे कोणाला सांगितलं की माझ्या गावापासून दोन तासांवर बनते, तर विश्वास ठेवत नाहीत.

पावशेर_पेट्रोल

अरे बापरे, मी एक ओळ लिहिली आणि तुम्ही कीर्तन लावलंत. हलके घ्या.

बरं, सेन्सरवाल्यांचा मुद्दा मान्य. पण मग सगळ्यांनी आयुष्यभर ३९० च चालवायची का? माणूस ३६ चा आहे, चाळिशीनंतर पाठ क्लिप-ऑनवर (म्हणजे खाली लावलेल्या हँडलवर) वाकू देत नाही. इनलाइन फोर (एका ओळीत चार सिलिंडर) १३ हजार आरपीएमला किंचाळते तो आवाज एप्रिलियाच्या दोन सिलिंडरमधून येणार आहे का? तेवढं तरी मान्य करा.

पाय_टेकत_नाहीत

आवाजाचं मान्य, मी त्याच आवाजासाठी ६आर घेतली :)

मी ५ फूट २. सीट ८३० मिमी, त्यामुळे सिग्नलला एकच पाय, तोही चवड्यावर. दीड वर्ष झालं. गाडीने अजून एकदाही फसवलं नाही. उभी असतानाच दोनदा पडली, दोन्ही वेळा माझ्याच पार्किंगच्या उतारावर. १९८ किलो एकटीने उचलता येते, पाठ गाडीला लावून पायांनी. धागाकर्ते, विकत घेण्याआधी एकदा पाडून उचलून बघा म्हणाले असते, पण शोरूमवाला देणार नाही. हायाबुसा २६० किलोच्या वर आहे, मित्राचा मित्र देत असेल तर तिथे करून बघा.

६आरबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते. पॉवर सगळी वरच्या आरपीएमला आहे. ६-७ हजारांच्या खाली ती शहाण्या मुलीसारखी वागते, मजा १० हजारांनंतर. आणि १० हजाराला दुसऱ्या गिअरमध्ये तुमचा वेग इतका असतो की घाटात तो गिअर सोडून द्यावा लागतो. म्हणजे लीटरवाल्यांचं दुखणं थोड्या कमी प्रमाणात हिलाही आहेच. मे महिन्यात कोथरूड ते चांदणी चौक केलंत तर मांड्या भाजतात. गतिरोधक तिरके घ्यायचे. मनगटं पहिले तीन महिने बोंबलतात, मग पोट आवळून बसायला शिकता आणि थांबतात (पोटाबद्दल विचारू नका म्हणालात, म्हणून विचारत नाही).

तुमचा वापर वाई-गोवा आहे ना? मग ट्रायम्फ डेटोना ६६०, होंडा सीबीआर ६५०आर, सुझुकी जीएसएक्स-८आर यांवर एकदा बसा. पहिल्या दोन ९५ पीएसच्या, सुझुकी ८३ ची. आकडा ऐकून नाक मुरडू नका. जोर मधल्या आरपीएमला मिळतो, म्हणजे जिथे आपण प्रत्यक्षात गाडी चालवतो तिथे. पावशेरदादा, सीबीआर चार सिलिंडरची आहे, आवाजाची सोय होईल. गोव्याला तासन् तास बसून जायचं असेल तर मी कोणाकडून तरी सुझुकी मागून नेईन, माझी नेणार नाही.

ग्रीस_आणि_पाना

हिशेबाचं कोणी बोललं नाही म्हणून.

१) सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के आहे, खाली १८. म्हणून आरआर ३१०, निंजा ३०० स्वस्त झाल्या आणि तुमच्या यादीतल्या सगळ्या महागल्या. ६आर जानेवारी २०२४ मध्ये ११.०९ लाखाला आली होती, तो भाव आता विसरा. एक्स-शोरूमवर रोड टॅक्स, विमा चढवून मगच १६ लाखांत काय बसतं ते बघा.

२) त्या १६ लाखांतले किमान दीड बाजूला काढा. हेल्मेट, पाठीच्या प्रोटेक्टरसह जॅकेट, बूट, हातमोजे. टायर वेगळे, चिकट स्पोर्ट टायर मागचा ६-८ हजार किमीत संपतो.

३) सेकंडहँड लीटर बाईक बघताना ओडोमीटरपेक्षा सर्व्हिसचे कागद बघा. स्टीअरिंग स्टॉप (हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं ते) घासलेले आहेत का, हँडल दोन्हीकडे सारखं वळतं का, फोर्कवर (पुढच्या शॉकवर) तेलाचा ओघळ आहे का. फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिक) नवीकोरी आणि फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) घासलेले असतील तर गाडी लोळलेली आहे. विकणारा "स्टँडवर पडली होती" म्हणेल. सगळ्या स्टँडवरच पडतात.

४) आणि चालवणार कुठे? एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. २०० पीएस घेऊन खंबाटकीत ट्रकमागे उभं राहायचं.

कर्वेनगरचा_आरसी

सगळ्यांचे आभार. गेले दोन रविवार वाईला गेलो नाही, बायकोला वाटलं आजारी आहे.

सी_वनदादांनी सांगितलं तसं भोसरीकडे एका बंद कंपनीचा रस्ता सापडला. मेव्हण्याला खडू घेऊन उभा केला. ६० वरून पहिला ब्रेक: ४१ पावलं. तो म्हणाला, "दाजी, मी तर स्कूटरवर याच्या आधी थांबेन." दहा-बारा वेळा केल्यावर ३३. दुसऱ्या रविवारी २८ वर आलो, एकदा एबीएसची थरथर हाताला जाणवली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा! १८ मीटर म्हणजे माझ्या पावलांनी २४. अजून चार पावलं बाकी आहेत.

१०आर आणि हायाबुसा यादीतून काढल्या. पाय_टेकत_नाहीत ताईंनी सांगितल्याप्रमाणे सीबीआर आणि सुझुकीवर बसून आलो. सुझुकी मनात भरली पण खरं सांगतो, परत येताना पार्किंगमध्ये एक हिरवी ६आर सुरू झाली आणि मी तिथेच उभा राहिलो. त्यामुळे गाडीचा निर्णय पुढे ढकललाय.

चेन्नईच्या ट्रॅक डेला मात्र आरसी घेऊनच जायचं ठरलंय. दोन शंका. एक, गाडी रेल्वे पार्सलने पाठवलेली चालते का? दोन, अंगाच्या मापाचा लेदर सूट भाड्याने मिळतो का? मापाबद्दल विचारू नका.

सी_वनचा_बळी

पार्सल चालतं. टाकी पूर्ण रिकामी करून न्या, आरसी बुकची झेरॉक्स आणि ओळखपत्र ठेवा, आरसे व्हायजर काढून घरी ठेवा, आणि भरपूर पुठ्ठा गुंडाळा. माझ्या गाडीचा इंडिकेटर वाटेत कुठेतरी उतरून गेला होता.

सूट मिळतो, पण आयोजकांना माप आधी कळवा, मोठ्या मापाचे मोजकेच असतात. कळवताना खरं कळवा. मी लाजून एक नंबर कमी सांगितला होता, चेन लावायला दोन माणसं लागली, आणि त्यातला एक तोच पोरगा होता.