गोठ्यातलं गाढव आलं कुठून? नाताळ, यशया आणि राजा आहाज

गव्हाण

आमच्या चर्चचा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, यंदा माझ्याकडे आहे. परवा मातीच्या गाढवाचा तुटलेला कान चिकटवत बसलो होतो, तेव्हा धाकटीनं विचारलं, "बाबा, हे गाढव बायबलमध्ये कुठे आहे?" मी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून दिला. बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ आहे, गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत. गाढव नाही, बैलही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातही दोघांचा पत्ता नाही.

ते आलेत जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. बैल आपला धनी ओळखतो, गाढव मालकाची गव्हाणी ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, असं तिथे देव म्हणतो. लूकनं 'गव्हाणी' म्हटलं आणि पुढच्या ख्रिस्ती मंडळींनी यशयाची ही जनावरं तिच्याशेजारी आणून उभी केली. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर ती कोरलेली आहेत. संत फ्रान्सिसनी 1223 मध्ये ग्रेच्चो गावात नाताळ केला, तिथे तर खरा बैल आणि खरं गाढव होतं.

म्हणजे आपण जे हौसेनं मांडतो, ते मुळात एका संदेष्ट्यानं स्वतःच्या लोकांना दिलेले बोल आहेत. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

यशयाच्या सातव्या अध्यायाचं तर याहून जास्त. "कुमारी गर्भवती होईल, पुत्राला जन्म देईल, त्याचं नाव इम्मानुएल" हे वचन आपण येशूबद्दलचं म्हणून दर नाताळला वाचतो. पण ते बोललं गेलं कधी? इ.स.पू. 735 च्या आसपास. अरामचा रसीन आणि उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा पेकह हे दोन राजे यरुशलेमवर चालून आलेत. वाऱ्यानं रानातली झाडं हलावीत तशी यहूदाचा राजा आहाज याची आणि लोकांची मनं हलली, असं वर्णन आहे. यशया आपल्या मुलाला घेऊन परटाच्या शेताच्या वाटेवर, वरच्या तळ्याच्या पाटाशी राजाला गाठतो आणि सांगतो, घाबरू नकोस. ते पोर बरं-वाईट ओळखू लागण्याआधी या दोन्ही राजांचा मुलूख ओस पडेल. तसंच झालं. अश्शूरच्या साम्राज्यानं अरामची राजधानी दिमिष्क इ.स.पू. 732 मध्ये घेतली, दहाएक वर्षांनी इस्राएलची राजधानी शोमरोनही पडली.

शत्रू वेशीवर असताना सातशे वर्षांनंतरची खूण आहाजच्या काय कामाची? माझं ठाम मत आहे की नाताळच्या उपदेशात आधी हा वेढा सांगावा, मग बेथलेहेम. आपण यशयाच्या तोंडून त्याचा स्वतःचा काळ काढून घेतलाय.

वसईची लेक

गाढवाबद्दल मान्य. पोप बेनेडिक्ट यांनीही 2012 मध्ये लिहिलं होतं की शुभवर्तमानात या जनावरांचा उल्लेख नाही, आणि तरी गोठ्यातून त्यांना कोणी काढणार नाही, हेही तेच म्हणाले.

पण सातव्या अध्यायावर तुम्ही अर्धंच वाचलंत, दादा. त्याच्या आधीची ओळ बघा. देव आहाजला म्हणतो, खूण माग, पाताळाइतकी खोल माग नाहीतर आकाशाइतकी उंच माग. आहाज मागत नाही. तेव्हा यशया "तुला" सोडून "तुम्हांला" म्हणतो, अख्ख्या दाविदाच्या, म्हणजे आहाजच्या राजघराण्याला. आकाशाएवढी खूण म्हणून एखादी बाई चारचौघींसारखी गरोदर राहणार एवढंच सांगायचं होतं का?

आणि मत्तयाला कमी लेखू नका. "मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं" हे होशेय संदेष्ट्याचं वाक्य तो येशूला लावतो. होशेयात तर ते सरळसरळ भूतकाळातलं आहे, इस्राएल मिसरातून बाहेर पडलं त्याबद्दलचं. मत्तयाच्या यहूदी वाचकांना हे तोंडपाठ होतं. तरी तो "पूर्ण झालं" म्हणतो. कारण त्याला पूर्ण होणं म्हणजे भाकित खरं ठरणं एवढंच अभिप्रेत नाही. जुनं वचन अर्धं भरलेलं असतं, ते काठोकाठ भरतं. माझी आजी मध्यरात्रीच्या मिस्साला गुडघे टेकायची तेव्हा तिला रसीन-पेकह ठाऊक नव्हते, म्हणून तिची श्रद्धा उणी नव्हती. त्या रात्री व्यासपीठावरून इतिहासाचा तास घेऊ नये.

शब्दवेडी

मूळ शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही. हिब्रूत आहे 'अल्मा', म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. नेमकं कौमार्यच सांगायचं तर 'बेतुला' हा शब्द जवळचा होता. अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, आलं, मत्तयानं तेच घेतलं. मात्र हे भाषांतर यहुद्यांनीच, ख्रिस्ताच्या आधी केलेलं आहे, तेव्हा "ख्रिस्त्यांनी शब्द बदलला" हा आरोप टिकत नाही. उलट 'पार्थेनोस'ही अगदी घट्ट नाही. उत्पत्तीच्या 34 व्या अध्यायात याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार झाल्यानंतरही त्याच ग्रीक भाषांतरात तिला 'पार्थेनोस' म्हटलंय.

आपली 'कुमारी' तशीच आहे ना? लग्नपत्रिकेत 'कु.' लिहितो तेव्हा आपण मुलीचं लग्न व्हायचंय एवढंच सांगतो. केडगावला पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबल मराठीत आणत होत्या, 1922 मध्ये जाईपर्यंत. असल्या एकेका शब्दापाशी त्या किती वेळ थांबल्या असतील, हे माझ्या मनातून जात नाही.

नवगावचा

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, मूळ अलिबागकडचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, ते आमचेच पूर्वज. वरचं सगळं दोनदा वाचलं.

वसईच्या ताईंना एक सांगायचंय. "अर्धं भरलेलं" हा शब्द तुम्ही प्रेमानं वापरलात, ते कळतं. पण आमच्यासाठी यशया अर्धा नाही. आमच्यातही 'इम्मानुएल कोण' यावर वाद झालेत. काही म्हणत, आहाजचा मुलगा हिज्किया. अकराव्या शतकातले यहुदी भाष्यकार राशी यांनी ते खोडून काढलं, कारण वर्षं मोजली तर आहाज गादीवर बसला तेव्हाच हिज्किया नऊ वर्षांचा भरतो. त्यांच्या मते ती तरुणी म्हणजे यशयाची स्वतःचीच बायको. पुढच्याच अध्यायात तिला मुलगा होतो, आणि ते पोर 'बाबा', 'आई' म्हणायच्या आत दिमिष्क आणि शोमरोनची लूट अश्शूरला जाईल असं म्हटलंय. वाद झाला तो असा, ग्रंथाच्या आतच.

तुमच्या गोठ्यात तीन राजे उंटांवरून येतात. मत्तयात राजे नाहीत, तीन हा आकडाही नाही. ते उंट यशयाच्या साठाव्या अध्यायातले, मिद्यानचे, शबाहून सोनं आणि ऊद आणणारे. तुम्ही तो अध्याय जानेवारीत वाचता. आम्ही तो सिनेगॉगमध्ये भाद्रपदाच्या सुमारास वाचतो. मंदिर पडल्याचा उपास झाला की सात आठवडे सांत्वनाचे पाठ असतात, त्यातला तो सहावा. "ऊठ, प्रकाशमान हो" हे तिथे यरुशलेमला म्हटलंय, लेकरं हरवलेल्या आईला म्हणावं तसं. माझे वडील ती ओळ वाचताना थांबत, चष्मा पुसत आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत.

गव्हाण

'तुम्हांला' हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, ताई. तो मोठा आहे, मागे घेतो. वेढ्याचा मात्र नाही. वचन सगळ्या घराण्याला असलं तरी त्या दिवशी पाटाशी उभा होता तो आहाजच, आणि वेळ आली होती ती त्याच्यावर.

नवगावच्या दादांनी लिहिलेलं मी धाकटीला वाचून दाखवलं. तिनं पुठ्ठ्यावर यशयाच्या पहिल्या अध्यायाचं ते वचन लिहून गाढवाच्या गळ्यात बांधलंय. चर्चमध्ये कोणाला खटकलं तर बोलेन मी.

वसईची लेक

पुठ्ठा राहू द्या. आमच्याकडेही चोवीसच्या रात्री बाळ ठेवायच्या आधी तो पहिला अध्याय वाचायला सांगेन, जनावरांसकट आणि बोलांसकट. "अर्धं भरलेलं" या शब्दाबद्दल दादांची माफी मागते. तो मी पुन्हा वापरणार नाही. पण मत्तयानं जे वाचलं ते चुकीचं वाचलं, असं मी म्हणणार नाही.

नवगावचा

तसं म्हणा असं मी मागितलंच नव्हतं, ताई. वाचाल तेव्हा तो अध्याय सतराव्या ओवीपर्यंत न्या. अनाथांचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या, तिथपर्यंत.