मदत हवी आहे : यवतमाळहून पुण्याजवळ चाकणला कुटुंबासह जावं का?

आयटीआय फिटर आहे, वय ३४. गावात सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन. कापसाच्या जिनिंग कारखान्यात दिवाळीनंतर चार-पाच महिने काम असतं, मग घरीच. नागपूरजवळ बुटीबोरीच्या कारखान्यांत दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. हाती तेरा हजारांच्या वर कोणी जात नाही. आता चाकणला ठेकेदारामार्फत एकोणीस हजार हाती, पीएफ वेगळा, अशी नोकरी मिळते आहे. कायम होण्याची हमी नाही.

बायको यायला तयार आहे. मुलगी तिसरीत, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. आई (६८) गाव सोडणार नाही, भाऊ शेजारीच राहतो. जमीन विकायची नाही, एका वर्षासाठी मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर कसायला) देईन. पीककर्ज सव्वा लाख बाकी आहे. रेशनचं विचारलं, आधारवर तिकडेही मिळतं म्हणतात, ती काळजी नाही.

खरी काळजी मुलीची, तिचं वर्ष मध्येच तुटू नये. मेपर्यंत एकट्यानं कॉट बेसिसवर (खोलीत फक्त एक खाट भाड्यानं घेऊन) राहून बघण्याचा विचार आहे, पण दोन घरांचा खर्च झेपेल का कळत नाही.

चाकण, खेड, तळेगाव भागात ठेक्यावर असलेल्यांनी सांगावं : एका खोलीचं भाडं आणि डिपॉझिट सध्या किती, आणि एकोणीस हजारांत तिघांचं भागवून महिन्याला चार हजार गावी पाठवता येतात का?