‘स्टार ट्रेक’ (२००९): माणसं तीच, पण मालिकेचा जीव कुठे गेला?

दूरचा_प्रवासी

एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ या काळात चाललेली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. तिच्यावरून जे. जे. अब्राम्सने २००९ मध्ये काढलेला चित्रपट परवा पुन्हा पाहिला. यानाचा कप्तान कर्क, व्हल्कन ग्रहावरचा स्पॉक, डॉक्टर मॅकॉय, संपर्क सांभाळणारी उहुरा, सुलू, सगळी मंडळी हजर आहेत आणि नटांची निवडही चोख आहे (कार्ल अर्बनचा मॅकॉय तर थेट मालिकेतल्या डिफॉरेस्ट केलीची आठवण करून देतो). तरीही मूळ मालिका ज्यासाठी आवडायची, ते यात सापडत नाही.

‘द डेव्हिल इन द डार्क’ हा मालिकेचा १९६७ मधला भाग घ्या. खाणीच्या बोगद्यांत हॉर्टा नावाचा दगडासारखा प्राणी कामगारांचे जीव घेतोय. कर्कचा हुकूम सुटतो, दिसला की ठार करा. स्पॉकला तो जिवंत हवा असतो. पुढे दरड कोसळते, कर्क एकटाच हॉर्टासमोर सापडतो आणि दोघांच्या भूमिका फिरतात. आता स्पॉकच काळजीपोटी ठार करायला सांगतो, आणि कर्क फेझर रोखून उभा असूनही चाप ओढत नाही. मग उलगडा होतो की खाणवाले ज्या गोल दगडांचा चुरा करत होते ती तिची अंडी होती. पोरांसाठी लढणारी आई होती ती!

चित्रपटातला खलनायक नीरोही खाणकाम करणाऱ्या जहाजाचाच कप्तान. त्याचा रोम्युलस ग्रह नष्ट झालाय, पोटुशी बायको गेलीय. एवढं दुःख लेखकांच्या हाताशी होतं, ते दोन-चार वाक्यांत उरकलं. मालिकेच्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात मार्क लेनर्डने उभा केलेला रोम्युलन कमांडर आठवा. वेगळ्या परिस्थितीत मी तुला मित्र म्हटलं असतं, असं तो मरण्याआधी कर्कला सांगतो. तासाभराच्याही आतल्या भागात शत्रूला एवढी जागा मिळाली. दोन तासांच्या चित्रपटात ती मिळू नये?

ध्रुवमत्स्य

साफ असहमत. नीरोचा शेवट तुम्ही गाळलात. त्याचं जहाज कृष्णविवरात ओढलं जात असताना कर्क त्याला वाचवायची तयारी दाखवतो. स्पॉक अडवतो, कारण या माणसाने त्याची आई आणि अख्खा व्हल्कन ग्रह संपवलाय. म्हणजे कर्क दयेच्या बाजूने आणि स्पॉक विरुद्ध. हॉर्टाच्या भागातली अदलाबदल ती हीच की!

शिवाय याने जुन्याला हात लावलेला नाही. नीरो भूतकाळात येतो तिथून काळाला वेगळा फाटा फुटतो. मालिकेतल्या लेनर्ड निमॉयचा म्हातारा स्पॉक स्वतः त्यात आहे, त्याचा इतिहास शाबूत आहे. आणि निव्वळ विचारांचा चित्रपट हवा असेल तर तो ‘स्टार ट्रेक’वरच १९७९ मध्ये काढून झालाय. मुंबईची पर्सिस खंबाटा डोकं भादरून त्यात उभी राहिली, तिचं मला फार कौतुक आहे. पण जहाजाभोवती कॅमेरा इतका वेळ फिरत राहतो की नवा प्रेक्षक तिथेच उठतो.

खगोलवेडी

मला विज्ञान खटकतं. एका ताऱ्याच्या स्फोटाने आख्खी आकाशगंगा धोक्यात? शेजारच्या ताऱ्यापर्यंत त्याचा उजेड पोचायलाच वर्षं लागतात. डेल्टा व्हेगा या दुसऱ्या ग्रहावर उभं राहून व्हल्कन नष्ट होताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तेही तसंच. मालिकेतही थापा होत्या, मान्य. पण तिथे निदान कोणीतरी थांबून ‘हे असं का?’ विचारायचं.

साधी_वाचक

उहुराबद्दल कोणीच बोललं नाही. मालिकेत उहुरा झालेल्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं. कृष्णवर्णीय बाई यानाच्या नियंत्रण कक्षात अधिकारी म्हणून बसलेली दिसणं किती मोलाचं आहे, हे त्यांना दिसत होतं. पण भागामागून भाग तिच्या तोंडी काय? संपर्क सुरू केलाय, कप्तान. नव्या चित्रपटातली उहुरा रोम्युलन भाषेच्या तिन्ही बोली ओळखते, म्हणून तिला नियंत्रण कक्षात जागा मिळते. ज्या ‘जीवा’बद्दल लिहिताय, तो इथे तरी मालिकेपेक्षा चित्रपटात जास्त आहे.

दूरचा_प्रवासी

साधी_वाचक, उहुराबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

ध्रुवमत्स्य, तो प्रसंग मला चांगला आठवतो आणि माझी तक्रार तिथेच जास्त पक्की होते. नीरो मदत झिडकारतो आणि पुढच्याच क्षणी कर्क सगळी अस्त्रं सोडतो. जहाज आपोआप कृष्णविवरात चाललं होतं, तरीही! हॉर्टापुढे कर्क थांबतो, तीही थांबते, स्पॉक तिच्या मनाशी मन जोडून तिचं म्हणणं जाणून घेतो, मॅकॉय तिची जखम बुजवतो. शेवटी खाणवाले आणि तिची पिल्लं एकत्र कामाला लागतात. त्या दयेने खाण बदलली. चित्रपटातल्या दयेने काय बदललं?

ध्रुवमत्स्य

स्पॉक बदलला. मी तुझ्या आईशी लग्न केलं कारण माझं तिच्यावर प्रेम होतं, हे स्पॉकचा बाप सारेक मुलाला सांगतो ते केव्हा? ग्रह गेल्यावर, आई गेल्यावर. स्पॉक झालेल्या झॅकरी क्विंटोचा चेहरा तेव्हा पाहा. सहा अब्जांतले जेमतेम दहा हजार उरलेत आणि हा माणूस डोळ्यांतून पाणी न काढता उभा आहे. एवढा घाव मालिकेने स्पॉकवर कधी घातला नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा जागेवर बसवायचं असायचं. आणि २०१६ चा ‘स्टार ट्रेक बियॉन्ड’ पाहा. त्यातला खलनायक फेडरेशनचाच, म्हणजे कर्कच्याच बाजूच्या ग्रहसंघाचा, जुना कप्तान निघतो, शांततेच्या काळात जगणं न जमलेला सैनिक. तुम्हाला हवा तसा शत्रू. २००९ चा चित्रपट चालला नसता, तर तो आलाच नसता.

दूरचा_प्रवासी

‘बियॉन्ड’ मलाही आवडतो. पण तिथेही तो कोण हे शेवटच्या टप्प्यात कळतं, आणि लगेच हाणामारी. हीच गोष्ट अर्ध्यावर उघड केली असती, तर कर्कला त्याच्याशी बोलावं लागलं असतं. मला ते बोलणं ऐकायचं होतं.