विकेटमध्ये आपल्या कंपोनंटला काय द्यावं: ऑब्जेक्ट की मॉडेल?

धागाकर्ता
काल आमची अख्खी दुपार एका पत्त्यापायी गेली. अपाचे विकेट या जावाच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ग्राहकाचा पत्ता दाखवणारं पॅनेल आम्ही केलंय. कन्स्ट्रक्टरला ग्राहक ऑब्जेक्ट द्यायचा, आत त्यातला पत्ता काढून लेबलला द्यायचा. पत्ता बदलून सेव्ह केला, डेटाबेसात नवा दिसतोय, एजॅक्सने (अख्खं पान न बदलता) पॅनेल परत रेंडर होतंय, आणि पत्ता जुनाच! मार्कअप आयडी तपासला, टार्गेटला पॅनेल अ‍ॅड केलंय तेही तपासलं. शेवटी सापडलं: लेबलकडे नुसती स्ट्रिंग होती. कन्स्ट्रक्टर एकदाच चालतो, तेव्हाची स्ट्रिंग तशीच राहिली.

माझं मत ठाम आहे, बदलणारा डेटा आयमॉडेल (मागितल्यावर व्हॅल्यू काढून देणारा मध्यस्थ) म्हणूनच द्यावा. विकेट पान सिरियलाइझ करून (बाइट्समध्ये बदलून) साठवतं, फील्डमध्ये धरलेला ऑब्जेक्टही सोबत जातो. हायबरनेटची एंटिटी (डेटाबेसातल्या नोंदीचा ऑब्जेक्ट) असेल तर पुढच्या रिक्वेस्टला लेझी, म्हणजे लागेल तेव्हाच डेटाबेसातून भरणाऱ्या, यादीला हात लावला की एक्सेप्शन. लोडेबलडिटॅचेबलमॉडेलात (दर रिक्वेस्टला ऑब्जेक्ट नव्याने आणणारं मॉडेल) फक्त आयडी ठेवला की हे दुखणंच उरत नाही.

प्रतिसाद १
अर्धंच पटलं. आमच्याकडे हाच नियम डोळे झाकून पाळला, तर एका पॅनेलच्या कन्स्ट्रक्टरला पाच मॉडेलं झाली. त्यात ‘फक्त वाचण्यासाठी’ हा बूलियनसुद्धा मॉडेलात! तो पानाच्या आयुष्यात कधी बदलतच नाही. शिवाय डिटॅच, म्हणजे रिक्वेस्ट संपताना आणलेला ऑब्जेक्ट सोडून देणं, कोण करणार? सुपरला (मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला) दिलेलं मॉडेल विकेट स्वतः डिटॅच करतं, फील्डमध्ये ठेवलेलं दुसरं नाही. ते ऑनडिटॅचमध्ये आपणच करायचं, आणि तिथेच माणसं विसरतात. मग तुम्ही टाळायला निघालेली एंटिटी मॉडेलाच्या पोटात बसून पानासोबत जातेच.

प्रतिसाद २
जेएसएफ या जावाच्याच दुसऱ्या वेब फ्रेमवर्कमध्ये हा वादच नाही. २००९ च्या २.० पासून कॉम्पोझिट कंपोनंट (मार्कअपमध्येच लिहिलेले आपले कंपोनंट) आहेत. इंटरफेसमध्ये अ‍ॅट्रिब्यूट लिहा, आत सीसी-अ‍ॅट्र्स (cc.attrs) या एक्स्प्रेशनने वाचा. एक्स्प्रेशन रेंडर होताना सोडवलं जातं, त्यामुळे अशी गोठलेली स्ट्रिंग हातात येत नाही.

धागाकर्ता
@२, पण आत अ‍ॅट्रिब्यूटचं नाव एका अक्षराने चुकलं तर कंपायलर गप्प बसतो आणि पानावर रिकामी जागा दिसते. जावाच्या कन्स्ट्रक्टरला एक पॅरामीटर कमी द्या, बिल्डच होत नाही. मला ती अडवणूक हवीच आहे. प्रॉपर्टीमॉडेलला प्रॉपर्टीचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यावं लागतं, त्या स्ट्रिंगमध्ये विकेटलाही हाच रोग होता हे कबूल. विकेट ८ पासून मॉडेलवर मॅप लावून मेथड रेफरन्स (कंपायलर तपासतो असा मेथडचा उल्लेख) देता येतो, म्हणून आम्ही त्या स्ट्रिंगा काढतोय.

@१, बूलियनचं मान्य, तो साधाच द्यावा. डिटॅचचं मात्र ऐकून पोटात गोळा आला. आत्ताच कोड उघडून पाहिला: ऑर्डरच्या पॅनेलमध्ये दुसरं मॉडेल फील्डमध्येच आहे, ऑनडिटॅच कुठेच नाही.

प्रतिसाद १
मग आधी ते लिहा. आणि आत सुपरचं ऑनडिटॅच बोलवायला विसरू नका.