चालकविरहित गाड्या यायच्या आधी शहराने नेमकी काय तयारी करावी?

पांथस्थ
जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी टिपण करतोय. सगळ्या सादरीकरणांत तेच ते: फाइव्ह-जी, सेन्सरचे खांब, स्मार्ट सिग्नल. अमेरिकेत या गाड्या रोज भाडी मारतायत, तिथे प्रत्यक्षात काय अडलं? आपल्याकडे आधी कशाला हात घालावा? कायद्याचं सांगणार असाल तर कलमासकट सांगा.

चौथा गिअर
खांब राहू द्या. सुरुवात अग्निशमन दलापासून करा. सॅन फ्रान्सिस्कोत २०२३ मध्ये त्यांचीच तक्रार होती, की या गाड्या बंबाच्या वाटेत येऊन थिजतात, होजवर (पाण्याच्या पाइपवर) चढू पाहतात. डांबरावर आडवा पडलेला होज कॅमेऱ्याला सहज ओळखू येत नाही. पोलिसाचा हात 'थांब' म्हणतोय की 'चल', तिथेही घोळ होतो.

जवानांना शिकवायचा क्रम साधा आहे. गाडीच्या समोरून जायचं नाही, बाजूने जायचं. आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे. मग गाडीवर लिहिलेल्या कंपनीच्या फोन नंबरवर फोन, आणि पलीकडच्या माणसाकडून 'स्वयंचलित मोड बंद केला' असं वदवून घेतल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. विजेवरची गाडी उभी असताना आवाज करत नाही, त्यामुळे 'बंद आहे' समजून माणसं फसतात. केशरी केबल कापायची नाही, ती हाय व्होल्टेजची. कॅलिफोर्नियात ही कार्यपद्धती लिहून स्थानिक पोलीस आणि अग्निशमन दलाला दिल्याशिवाय कंपनीला विनाचालक परवाना मिळत नाही. तुमच्या टिपणात हा मुद्दा पहिला हवा.

दुसरं, वीज. २० डिसेंबर २०२५ ला त्याच शहरात मोठा भाग अंधारात गेला आणि वेमो या कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी चौकाचौकात अडकल्या. बंद सिग्नल कसा ओलांडायचा हे त्यांना ठाऊक असतं, पण शंका आली की त्या कंपनीच्या दूरच्या केंद्रातल्या माणसांना विचारतात. सगळ्यांनी एकदम विचारलं आणि रांग लागली. आपल्याकडे सिग्नल किती वेळा बंद असतो ते मी सांगायला नको.

खाकी फाइल
कलमं मोटार वाहन कायदा १९८८ ची. कलम ३: परवान्याशिवाय गाडी चालवायची नाही. कलम १२६: चालकाच्या जागी परवानाधारक नसेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावल्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. खरी गोम १३४ मध्ये आहे: अपघातानंतर जखमीला दवाखान्यात पोचवणं, पोलिसांना कळवणं हे चालकाचं काम. चालकच नसेल तर कोणाचं?

भरपाई तितकी अडत नाही. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला २.५ लाख मालक किंवा विमा कंपनी देते. गुन्हा मात्र अडतो, कारण निष्काळजीपणा कोणाचा म्हणायचा? ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने यावर तोड काढली: परवानगी घेणारी संस्था आधीच ठरवायची आणि गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याचं उत्तर तिने द्यायचं. आपल्याकडे चाचणीपुरती सूट द्यायला २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम २बी आहे, पण ती सूट केंद्र सरकार देतं. जिल्हा समितीने तिथे वेळ घालवू नये.

पांढरी रेघ
जिल्ह्याच्या हातात काय असेल तर रस्त्यावरचे पट्टे! लेन धरून ठेवणाऱ्या गाड्या आजच आपल्या रस्त्यांवर आहेत (त्या चालकविरहित नव्हेत, हे विक्रेत्यांनाही सांगायला हवं), आणि त्यांचा कॅमेरा पट्ट्यांवरच जगतो. थर्माप्लास्टिकचा (गरम करून ओततात त्या रंगाचा) थर २.५ मिमी आणि वर प्रकाश परतवणारे काचमणी चौरस मीटरला २५० ग्रॅम असं निविदेत असतं, पण मोजतं कोण? मणी कमी पडले की दिवसा पट्टा झकास दिसतो आणि रात्री हेडलाइटमध्ये गायब होतो. म्हणून तपासणी रात्रीच करा.

दुसरी खोड म्हणजे जुन्या पट्ट्यावर काळा रंग फासणं. पावसात तो काळा रंग चकाकतो आणि कॅमेऱ्याला दोन लेन दिसतात. जुना पट्टा खरवडूनच काढायचा.

पांथस्थ
आभार. १३४ चं काम कंपनीवर टाकायचं, तर परवान्याच्या अटीत काय लिहायचं?

खाकी फाइल
चोवीस तास मराठी बोलणारा माणूस फोनवर, आणि धडक झाल्यावर गाडीने जागेवरून हलायचं नाही ही अट. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली पादचारी बाई क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित गाडीखाली आली. गाडीला वाटलं धक्का बाजूने बसला, म्हणून ती कडेला जायला निघाली आणि बाईंना सुमारे २० फूट फरपटत नेलं. शिवाय संपूर्ण चित्रीकरण न कापता, मागितल्याशिवाय द्यायचं हेही लिहा. क्रूझचा परवाना थांबवताना माहिती दडवल्याचा ठपकाही होता.

चौथा गिअर
आणि फोन नंबर चारही बाजूंना लिहायला लावा. गाडी भिंतीला टेकून थांबली, तर एकाच दारावरचा नंबर वाचणार कसा?