मदत हवी आहे: आत्याचा काळा कोट प्रदर्शनात मांडायचा आहे

नमस्कार मंडळी. १६ एप्रिलला नौपाड्यात आमचं महिला मंडळ छोटं प्रदर्शन भरवतंय, रेल्वेगाडीत नोकरी केलेल्या बायकांच्या गणवेशांचं. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, म्हणून हा दिवस.

माझी आत्या तिकीट तपासनीस होती. तिचा काळा कोट माझ्याकडे आहे. पुरुषी मापाचा. खांदे तिने स्वतः उसवून आत घेतले, ते टाके अजून दिसतात. उजवा खिसा पावतीपुस्तकाने पार ओघळलाय.

शेजारी अमेरिकेतल्या 'कॅलिफोर्निया झेफायर' गाडीच्या 'झेफायरेट' होस्टेसचा फलक आहे. १९४९ ते १९७० या गाडीवर त्या असत. प्रथमोपचारापासून लहान मुलं सांभाळण्यापर्यंत सगळं बघायच्या, पण अट काय, तर अविवाहित हवी! आपल्याकडेही एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रद्द केला.

मंडळातल्या काहीजणींना फलकावर 'सौंदर्य आणि सेवा' हवंय. मला ते अजिबात पटत नाही. ज्येष्ठ सभासदांना न दुखावता दुसरं काय लिहावं, सुचवा ना.

आणि कोटाचं अस्तर विरलंय. आत्याच्या टाक्यांना हात न लावता ते बदलून देणारा जुना, जाणता शिंपी ठाण्यात किंवा कळव्यात कोणाच्या ओळखीत आहे का? कोणाची आई, मावशी, काकू रेल्वेत असेल तर गणवेशातला फोटोही हवा आहे. स्कॅन करून त्याच दिवशी परत देईन.