एआयच्या मदतीने केलेल्या स्वाध्यायपुस्तिकेला मुक्त परवाना देता येईल का?

नमस्कार. मी सोलापुरातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. शहराच्या पूर्व भागातील आमच्या बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, म्हणून चौथीसाठी मराठी-तेलुगू स्वाध्यायपुस्तिका तयार केली आहे. यंत्रमाग, सोलापुरी चादर, नान्नजचा माळढोक आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस असे तिचे विषय आहेत. कच्चा मजकूर व चित्रे चॅटजीपीटीकडून करून घेतली आणि मजकुरातील जवळजवळ प्रत्येक वाक्य मी नंतर बदलले. (पहिल्या चित्रातील मागाला धोटाच, म्हणजे आडवा धागा नेणारा भागच, नव्हता; हे एका पालकांनी दाखवून दिले.)

ही पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेयनिर्देश-समान वाटप' परवान्याखाली (म्हणजे श्रेय देऊन व तोच परवाना ठेवून कोणालाही वापरता, बदलता येईल अशी) खुली करण्याचा विचार आहे. तथापि चित्रांचा हक्क मुळात माझा आहे का, हेच कळत नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, 1994 च्या दुरुस्तीनंतर, संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत ठरणारी व्यक्ती असे म्हटले आहे. पण तेव्हा अशी साधने नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने 2023 मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत लेखिकेचा मजकूर व मांडणी यांना संरक्षण दिले, यंत्राने काढलेल्या चित्रांना नाही. हक्कच नसेल, तर परवाना कशाच्या आधारावर देणार? चित्रांपुरता वेगळा उल्लेख करावा का?

मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे. दोन धड्यांसाठी मी बालभारतीच्या पुस्तकातील उतारे चॅटजीपीटीला जसेच्या तसे देऊन ते सोपे करून घेतले. त्या पुस्तकांचे सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने केलेल्या पुनरुत्पादनाला याच कायद्याचे कलम 52 मुभा देते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये छायाप्रतींच्या (झेरॉक्सच्या) खटल्यात या मुभेचा अर्थ बराच व्यापक लावला, हे खरे. पण मी निवडलेल्या परवान्यानुसार कोणीही ही पुस्तिका छापून विकू शकेल, आणि त्याला अध्यापन म्हणता येणार नाही. "शब्द बदललेत ना, मग झाले," असे आमचे मुख्याध्यापक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण धड्याची रचना आणि उदाहरणांचा क्रम मूळ पुस्तकाचाच राहिला आहे.

हे दोन धडे काढून नव्याने लिहावेत, की मंडळाकडे लेखी परवानगी मागावी? मुक्त परवान्यासाठी अशी परवानगी कोणाला मिळाली असल्यास अर्जात नेमके काय लिहिले होते, ते कृपया सांगावे.